क्लेबसिएलाचा सिक्वेन्सिंग रन पुन्हा पुन्हा अर्धवट येतोय? आधी प्लेट बघा, मशीन नंतर

सिक्वेन्सर (डीएनए वाचायचं मशीन) आला, ट्रेनिंग झालं, डेमो रन मस्त गेला, आणि मग रोजच्या कामात आयसीयूचे आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वाढवलेले बॅक्टेरिया) लावायला घेतले की दर दुसऱ्या-तिसऱ्या रनला काहीतरी बोंबलतं. हा प्रकार मी आमच्या लॅबमध्ये आणि ओळखीच्या दोन-तीन लॅबमध्ये इतक्या वेळा निस्तरलाय की आता फोन आला की मी मशीनबद्दल विचारतच नाही, आधी म्हणतो प्लेटचा फोटो पाठवा. खाली लिहिलंय ते मुख्यतः नॅनोपोरवर (डीएनए सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पोअरमधून, ओढून वाचणारं मशीन) रॅपिड बारकोडिंग किटने, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या डीएनएला वेगळी खूण (बारकोड) लावून, एका वेळी १२ किंवा २४ बॅक्टेरिया लावणाऱ्यांसाठी आहे, पण निम्म्याहून जास्त गोष्टी कुठल्याही मशीनला लागू होतील.

लक्षणं काय दिसतात

यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढे वाचा.

- काही बारकोडना ८०-९० पट कव्हरेज (प्रत्येक बेस, म्हणजे डीएनएचं एकेक अक्षर, सरासरी तितक्या वेळा वाचलं गेलं), काहींना ४ पट, आणि ४ पटवाले नेमके क्लेबसिएलाच, म्हणजे आयसीयूत नेहमी भेटणारा तो चिकट बॅक्टेरिया.
- फ्लो सेल (पोअर असलेली चिप) लावताना पोअर भरपूर होते, दोन-तीन तासांत धडाधड कमी झाले, सकाळी येऊन बघितलं तर रन जवळपास मेलेला.
- जीनोमचा आकार भलताच. क्लेबसिएला न्यूमोनिए साधारण ५५ लाख बेसचा असतो, तुमच्या असेंब्लीत (वाचलेले तुकडे जोडून बनवलेल्या जीनोममध्ये) ९५ लाख दिसतायत.
- सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट सांगतो मेरोपेनेम रेझिस्टंट, आणि सिक्वेन्समध्ये मेरोपेनेम निकामी करणारे जीन्सच नाहीत, एनडीएम नाही, ओएक्सए नाही, काहीच नाही.
- निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या नमुन्यात) रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) आहेत, किंवा क्लेबसिएला म्हणून लावलेला नमुना ई. कोलाय निघाला.
- आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं लक्षण, रन पूर्ण झाला, डेटाही आला, पण मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम रिपोर्टवर सही करत नाहीत कारण कशावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. त्यांचं बरोबर आहे.

हे का होतं, ते आधी दोन मिनिटांत

आपल्याकडे बऱ्याच लोकांनी सिक्वेन्सिंग शिकलं ते कोविडमध्ये. २०२० च्या डिसेंबरात इन्साकॉग (कोविड सिक्वेन्सिंग करणाऱ्या लॅबचं देशभरातलं जाळं) उभं राहिलं, पुण्यात एनआयव्ही आणि बी. जे. मेडिकलसारख्या ठिकाणी काम सुरू झालं, मुंबईत कस्तुरबाला २०२१ मध्ये लॅब आली, आणि त्या काळात तयार झालेले हात आज सगळीकडे आहेत. ते चांगलंच आहे. पण कोविडचा जीनोम जेमतेम ३० हजार बेसचा, आणि तो आपण आधी पीसीआरने वाढवून घ्यायचो. नमुना थोडा घाण असला, मोजणी थोडी चुकली, तरी पीसीआर सांभाळून घ्यायचा. बॅक्टेरियाचा जीनोम त्याच्या १८० पट मोठा, आणि रॅपिड किटमध्ये पीसीआर नाहीच, तुम्ही ट्यूबमधून जो डीएनए काढलात तोच थेट पोअरमधून जातो, त्याच्यासोबत जी काही घाण असेल तीसुद्धा जाते. म्हणजे कोविडच्या वेळी जे खपून गेलं ते इथे खपत नाही. माझ्या अनुभवात दहातले सात बिघाड कल्चर प्लेट ते डीएनएची ट्यूब एवढ्या टप्प्यात असतात, आणि लोक मात्र इंजिनिअरला बोलवून बसतात.

आता तपासण्या. स्वस्त आणि सोप्या आधी, याच क्रमाने करा, मधली वगळू नका.

१. प्लेट उजेडात धरून बघा (खर्च शून्य)

खरंच उचला आणि तिरकी धरून बघा. मॅककॉन्की अगारच्या प्लेटवर गुलाबी, फुगीर, चिकट कॉलनी आहेत, त्यांच्यात मधेच एखादी सपाट, कोरडी गुलाबी कॉलनी दिसतेय का? तो ई. कोलाय असू शकतो. ९५ लाख बेसच्या असेंब्लीचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं, दोन जीनोम एकत्र. सेन्सिटिव्हिटीचं कार्ड लावताना जी प्लेट चालून गेली ती सिक्वेन्सिंगला चालेलच असं नाही, कारण कार्डाला थोडी भेसळ कळतही नाही, सिक्वेन्सिंगला ५ टक्के भेसळही दिसते.

म्हणून नियम एकच, एका कॉलनीपासून पुन्हा स्ट्रीक करा (लूपने नव्या प्लेटवर पसरवा), एक रात्र थांबा, मगच डीएनए काढा. एक दिवस जातो हे मान्य. पण भेसळीच्या रनमध्ये चार दिवस आणि एक फ्लो सेल जातो.

इथेच एक उपतपासणी, जी मला शिकायला वेळ लागला. रेझिस्टन्सचा जीन बऱ्याचदा प्लाझ्मिडवर (मुख्य जीनोमपासून वेगळ्या गोल डीएनएवर) असतो, आणि साध्या न्यूट्रिएंट अगारवर तीन-चार वेळा सबकल्चर केलं की काही पेशी ते प्लाझ्मिड टाकून देतात, कारण अँटिबायोटिक समोर नसताना ते ओझं वाहायचं कशाला. तुम्ही नेमकी तीच कॉलनी उचलली की रिपोर्टमध्ये एनडीएम गायब. पुन्हा स्ट्रीक करताना पहिल्या भागात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क ठेवा आणि डिस्कच्या जवळ वाढलेली कॉलनी उचला. डिस्क तर लॅबमध्ये पडलेलीच असते. आणि जुना स्टॉक असेल तर पाचव्या-सहाव्या सबकल्चरवरून काम करू नका, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधली मूळ वायल काढा.

२. नावं आणि बारकोड जुळवा (खर्च शून्य, लागतो फक्त शांत अर्धा तास)

एकाच पेशंटचे ब्लड, युरिन आणि ट्रॅकिअल असे तीन आयसोलेट, तिन्हींवर तोच आयपीडी नंबर, आणि एक्सेलमध्ये कोणीतरी सॉर्ट करताना एकच कॉलम सॉर्ट केला. झालं. मी बघितलेल्या अदलाबदलींपैकी बहुतेक या एक्सेलमधल्या आहेत, ट्यूबमधल्या कमी.

तपासायचं असं: सिक्वेन्सवरून आलेली स्पीशीज आणि मॅल्डी (प्रथिनांवरून बॅक्टेरिया ओळखणारं मशीन) किंवा ऑटोमेटेड सिस्टिमने दिलेली स्पीशीज, दोन्ही शेजारी ठेवा. एक जुळत नाही तर थांबा, दोन जुळत नाहीत आणि ते एकमेकांच्या जागी बसतायत तर अदलाबदल नक्की. पण सगळेच क्लेबसिएला असतील तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा जीन्स विरुद्ध सेन्सिटिव्हिटी बघा, एखादा जेंटामायसिन सेन्सिटिव्ह आहे आणि त्याच्या सिक्वेन्समध्ये अमिनोग्लायकोसाइडविरुद्धचे (जेंटामायसिन त्याच गटातलं) सगळे जीन्स उभे ठाकलेत, तर तो नमुना तो नाहीच. प्रत्येक रनमध्ये एक वेगळ्याच स्पीशीजचा नमुना मुद्दाम मधल्या जागी लावायचा, म्हणजे ओळ सरकली असेल तर लगेच दिसतं. आम्ही स्टॅफ ऑरियस लावतो, २८ लाख बेस आणि जीसी (जी आणि सी या बेसचं प्रमाण) ३३ टक्क्यांच्या आसपास, क्लेबसिएलाचं ५७, चुकणं शक्यच नाही.

३. वीज, लॅपटॉप, एसी, फ्रिज

हे लिहायला फार साधं आहे म्हणून पटकन. रात्री दोनला लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला पंधरा सेकंद लागले, यूपीएसवर लॅपटॉप होता पण मशीनचा हब नव्हता. विंडोज अपडेट होऊन रीस्टार्ट झालं. लॅपटॉप झोपला. डिस्क भरली. या चारही गोष्टी मी स्वतः बघितल्यात. रन सुरू करायच्या आधी डिस्कवर मोकळी जागा, अपडेट बंद, स्लीप बंद, आणि सगळं यूपीएसवर. विदर्भातल्या एका मित्राकडे मे महिन्यात रात्री एसी बंद करायची पद्धत होती, बिल वाचावं म्हणून, आणि त्यांचे रन उन्हाळ्यातच मरायचे. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा आलेख असतो, तो उघडून बघा, रन कोमेजला त्याच वेळेला तापमान चढलंय का ते दिसेल.

फ्लो सेल फ्रिजमध्ये, ४ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये कधीच नाही, आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवूनही नाही, तिथे बर्फ धरतो. आणि फ्लो सेल चेक (किती पोअर जिवंत आहेत ते मोजणं) लायब्ररी (मशीनवर लावायला तयार केलेला डीएनए) बनवायच्या आधी करा. मिनिअनच्या (नॅनोपोरच्या छोट्या मशीनच्या) फ्लो सेलला ८०० पोअर ही वॉरंटीची रेषा आहे. पार्सल हातात आल्या आल्या चेक करून तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, महिनाभराने तक्रार केलीत तर कोणी ऐकणार नाही. प्रायमिंग (फ्लो सेलमध्ये आधी बफर भरणं) करताना एक बुडबुडा जरी सेन्सरवरून गेला तरी तेवढे पोअर गेले, ते परत येत नाहीत, म्हणून आधी पोर्टमधून अगदी थोडं बफर मागे ओढून हवा काढायची, २०-३० मायक्रोलिटर पुरे, जास्त ओढलंत तर सेन्सरच कोरडा पडतो.

४. डीएनए खरंच किती आहे?

"सर, नॅनोड्रॉपवर तर ३०० आलंय." हे वाक्य मी पाठ केलंय. नॅनोड्रॉप प्रकाश किती शोषला गेला ते मोजतो, त्याला डीएनए, आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड सगळं सारखंच. रोज भराभर वाढणाऱ्या बॅक्टेरियात आरएनए प्रचंड असतो, त्यामुळे ३०० दाखवलेल्या ट्यूबमध्ये क्यूबिटवर (फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र) ४० निघतं. मग तुम्ही ३०० समजून पातळ करता, आणि किटला लागणाऱ्या २०० नॅनोग्रॅमऐवजी २५-३० टाकता. रॅपिड किटमध्ये ट्रान्सपोझेज एन्झाइम डीएनए कापून त्यालाच बारकोड लावतं, एन्झाइम ठरलेलं आणि डीएनए कमी म्हणजे तुकडे बारीक बारीक होतात. डीएनए जास्त झाला तर उलटं, तुकडे लांब पण बारकोड लागलेले कमी. दोन्हीकडून कव्हरेज मार खातं.

त्यामुळे क्यूबिट हवाच. नसेल तर पीसीआर लॅब, बायोकेमिस्ट्री, शेजारचं कॉलेज, कोणाकडे तरी असतं, उसना वापरा. नॅनोड्रॉप फेकू नका, त्याचं काम शुद्धता सांगणं. दोन तरंगलांबींवरच्या शोषणाचे रेशो बघायचे, २६०/२८० साधारण १.८, २६०/२३० दोनच्या आसपास. क्यूबिट आणि नॅनोड्रॉपमध्ये दुपटीपेक्षा जास्त फरक असेल तर आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) टाकून पुन्हा कॉलम (डीएनए साफ करायची गाळणी) करा. आणि शेवटचं इल्यूशन (कॉलममधून डीएनए उतरवणं) भरपूर ईडीटीए असलेल्या बफरमध्ये करू नका, एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं. साध्या ट्रिस बफरमध्ये काढा.

५. चिकट क्लेबसिएला

इथे जरा थांबतो, कारण हेच माझ्या मते मूळ दुखणं आहे आणि किटच्या पत्रकात याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

क्लेबसिएलाभोवती साखरेचं जाड कवच असतं. काही स्ट्रेनमध्ये इतकं की लूप कॉलनीला लावून वर उचलला तर तार निघते, ५ मिलिमीटरच्या वर तार आली तर स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह. पण तार न निघणाऱ्या, नुसत्या ओल्या चकचकीत दिसणाऱ्या कॉलनीतही कवच भरपूर असतं. डीएनए काढताना ही साखर कॉलमला चिकटते, डीएनएसोबत उतरते, आणि ती क्यूबिटला दिसतच नाही. म्हणजे क्यूबिट म्हणतं ६०, तुम्ही खूश, आणि लायब्ररीतल्या साखरेने एन्झाइम अर्धवट चालतं आणि पोअर बुजतात. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पोअर धडाधड मरण्याचं लक्षण लिहिलं ना वर, ते याचं. आणि वाईट हे की सगळे नमुने एकाच फ्लो सेलवर असतात, त्यामुळे एका चिकट नमुन्याने बाकीचे २३ पण मरतात.

ओळखायचं कसं: २६०/२३० दीडच्या खाली. पेलेट जेलीसारखा, टिपने हलवला तर एकसंध हलतो. कॉलममधून द्रव उतरायला वेळ लागतो. पिपेटने ओढताना टिपच्या टोकाला दोरा लटकतो.

उपाय ऐकायला उलटा वाटेल, कमी घ्या. आमच्याकडे नवीन आलेली प्रत्येक ताई किंवा दादा डीएनए कमी आला की पुढच्या वेळी लूपभर जास्त घेतो, आणि डीएनए आणखी कमी येतो. कारण प्रत्येक कॉलमची पेशींची कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की लायसिस (पेशी फुटणं) अर्धवट, कॉलम तुंबतो, साखर मात्र दुप्पट. मी १ मायक्रोलिटरच्या लूपने घेतो, १० च्या नाही. मग पेशी फॉस्फेट बफर सलाइनमध्ये घोळून, जोरात सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी टाकून, असं दोनदा, तिसऱ्यांदाही धुवायला हरकत नाही. कवच पूर्ण जात नाही पण सैल साखर बरीच धुतली जाते. प्लेटही महत्त्वाची, भरपूर साखर असलेल्या मीडियावर कवच जाड होतं, आणि दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये विसरलेल्या प्लेटवर तर बघायलाच नको. १६ ते १८ तासांची ताजी प्लेट घ्या.

एवढं करूनही २६०/२३० सुधारत नसेल तर मॅग्नेटिक बीड्सने (डीएनए धरून ठेवणाऱ्या चुंबकीय मण्यांनी) एकदा साफ करून घ्या. तरीही नाही, तर तो नमुना या रनमधून बाहेर काढा. जीवावर येतं, विशेषतः तो नेमका ज्या पेशंटचा रिपोर्ट डॉक्टर सारखा विचारतायत त्याचाच असतो, पण काढा.

ग्रॅम पॉझिटिव्हची तक्रार वेगळी आहे, तिथे भिंत फुटत नाही म्हणून डीएनए येत नाही. एन्टेरोकॉकसला लायसोझाइम, स्टॅफ ऑरियसला लायसोस्टॅफिन लागतं, कारण त्याच्यावर नुसतं लायसोझाइम चालत नाही. बस एवढंच.

६. गणित करून बघा, नमुने जास्त तर भरले नाहीत ना?

२४ क्लेबसिएला, प्रत्येकी ५५ लाख बेस, प्रत्येकी ५० पट कव्हरेज हवं. गुणाकार केला की ६.६ अब्ज बेस, म्हणजे ६.६ गिगाबेस. तेही सगळ्यांना सारखं वाटलं गेलं तर, आणि तसं कधीच जात नाही, म्हणून दहा गिगाबेस तरी यायला हवा. तुमचे मागचे पाच रन काढा, सरासरी किती आला? चारच येत असेल तर २४ लावण्यात अर्थ नाही, १२ लावा, म्हणजे गरज ३.३ ची होते. अकाउंट्सवाले म्हणतात २४ ची सोय आहे तर २४ लावा, प्रति नमुना खर्च कमी. त्यांना शांतपणे दाखवा की २४ मधले ९ परत करावे लागले तर खर्च वाढतो.

गणित बरोबर असूनही डीएनए कमी पडत असेल तर बीड्सची पायरी बघा. बीड्स वापरताना ते आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, ८० टक्के इथेनॉल त्याच दिवशी बनवा, जुन्या बाटलीतलं उडून उडून ७० च्या खाली गेलेलं असतं आणि मग धुताना डीएनएच वाहून जातो. बीड्स तडे जाईपर्यंत वाळवू नका.

७. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये रीड्स

थोडे रीड्स येतातच. किती ते महत्त्वाचं. धुऊन पुन्हा वापरलेल्या फ्लो सेलवर मागच्या लायब्ररीचे अवशेष राहतात, म्हणून दुसऱ्या वेळी वेगळे बारकोड वापरा, पहिल्या वेळी १ ते १२ तर आता १३ ते २४. तेच बारकोड वापरले आणि गेल्या आठवड्यातल्या पेशंटचा एनडीएम या आठवड्यातल्या पेशंटच्या नावावर गेला, तर ती चूक नंतर कोणालाही पकडता येणार नाही. यात मी कधीच सूट देत नाही.

८. जीन खरंच नाहीये की दिसत नाहीये?

मेरोपेनेम रेझिस्टंट पण कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम, एनडीएम आणि ओएक्सए त्यातलेच) नाही, हे लक्षण. क्रमाने जा.

आधी एमसिम करा, म्हणजे जंतू मेरोपेनेम खरंच तोडतो का ते बघायची चाचणी. १ मायक्रोलिटर लूप, २ मिलिलिटर ब्रॉथ, मेरोपेनेम डिस्क, चार तास, मग ती डिस्क ई. कोलायच्या लॉनवर. खर्च नगण्य. निगेटिव्ह आला तर शक्यता आहे की कार्बापेनेमेज खरंच नाही, आणि रेझिस्टन्स पोरिन (औषध पेशीत शिरायचं दार) बंद होणं आणि सीटीएक्स-एम-१५ सारखा ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन तोडणारं एन्झाइम), या जोडीतून आलाय. मग सिक्वेन्समध्ये ओएमपीके३५ आणि ओएमपीके३६ हे पोरिनचे जीन्स तपासा, तुटलेले दिसतील. तेव्हा सिक्वेन्स बरोबरच होता.

एमसिम पॉझिटिव्ह आणि सिक्वेन्स रिकामा, तर आपल्याकडे पहिला संशय ओएक्सए-२३२ वर. एसटी२३१ (एसटी म्हणजे स्ट्रेनच्या प्रकाराचा नंबर) सारख्या, भारतात भरपूर सापडणाऱ्या क्लेबसिएलात हा जीन जेमतेम ६ हजार बेसच्या इवल्याशा प्लाझ्मिडवर बसलेला असतो. लांब रीड्सची असेंब्ली करणारे प्रोग्राम असे छोटे प्लाझ्मिड सर्रास गाळतात. लायगेशन किट वापरत असाल तर आणखी वाईट, कारण गोल प्लाझ्मिडला टोकच नसतं तर अडॅप्टर जोडणार कुठे, रॅपिड किट निदान ते कापून उघडतं. शिवाय छोटे तुकडे काढून टाकणारी साइज सिलेक्शनची पायरी केली असेल तर तुम्हीच ते फेकून दिलंय. म्हणून असेंब्लीत जीन नाही म्हणून थांबू नका, मूळ रीड्स थेट रेझिस्टन्स डेटाबेसवर मॅप करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी निदान सहा-सात वेळा हरवलेला ओएक्सए असाच शोधून दिलाय. डेटाबेस शेवटचा कधी अपडेट केला तेही त्याच वेळी बघा.

९. आउटब्रेक आहे की नाही, इथे घाई नको

आयसीयूत तीन बेडवर तीन क्लेबसिएला, तिन्ही एसटी२३१, लगेच कोणीतरी म्हणतं पसरलाय. एसटी एक असणं म्हणजे गाव एक असण्यासारखं आहे, घर एक असेलच असं नाही. त्यासाठी एकेका बेसमधला फरक मोजावा लागतो, आणि नॅनोपोरमध्ये इथे एक खोच आहे. बॅक्टेरिया आपल्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गट लावतात, बेसकॉलर (मशीनच्या सिग्नलवरून बेस ओळखणारं सॉफ्टवेअर) त्या जागी चुकतो, आणि काही क्लेबसिएलांमध्ये असे खोटे फरक डझनाने दिसतात. म्हणजे खरंच एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले स्ट्रेन वेगळे वाटू शकतात. नवीन बेसकॉलिंग मॉडेल आणि बॅक्टेरियाच्या मिथिलेशनसाठी बनवलेलं पॉलिशिंग (असेंब्लीतल्या चुका दुरुस्त करणं) वापरा, सुपर ॲक्युरसी मोडवरच चालवा. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, साध्या लॅपटॉपवर दिवसच्या दिवस जातील. तरी शंका राहिली तर ते दोन-तीन आयसोलेट इल्युमिनावर (वेगळ्या पद्धतीच्या सिक्वेन्सरवर) करून घ्या.

हे सगळं एवढं जिवाला लावून का घ्यायचं तर एक उदाहरण देतो. अमेरिकेत मेरिलंडला एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ साली एक पेशंट रेझिस्टंट क्लेबसिएला घेऊन दाखल झाली, आयसोलेशनमध्ये ठेवली, बरी होऊन घरी गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच पेशंटमध्ये तोच जंतू सापडला. शेवटी १८ पेशंट, ११ मृत्यू, त्यातले ६ या जंतूमुळे. नुसत्या तारखा बघितल्या तर साखळी जुळत नव्हती, जीनोममधल्या थोड्याशा फरकांवरून कळलं की सगळं त्या पहिल्या पेशंटपासूनच आलं होतं, काही जण लक्षणं नसताना जंतू बाळगून होते. आपल्या आयसीयूतही हेच घडत असतं. पण हे उत्तर तेव्हाच मिळतं जेव्हा प्रत्येक ट्यूब बरोबर असते आणि रिपोर्ट आठवड्यात येतो, तीन महिन्यांनी नाही.

१०. कंट्रोल स्ट्रेन एकटा चालवा

वरचं सगळं करून रन बिघडतोच आहे, तर आता पेशंटचे नमुने बाजूला ठेवा. एमसिमसाठी तुमच्याकडे क्लेबसिएला एटीसीसी बीएए-१७०५ असेलच, त्यात केपीसी हा कार्बापेनेमेज आहे, आणि ई. कोलाय २५९२२ तर प्रत्येक लॅबमध्ये आहे. या दोघांचा डीएनए काढून फ्लॉन्गलवर (छोट्या फ्लो सेलवर) छोटा रन करा. हे बरोबर आले तर तुमचं मशीन, किट आणि हात ठीक आहेत, दोष नमुन्यांत आहे, पाचव्या मुद्द्याकडे परत जा. हेही बिघडले तर किटचा लॉट बदलून एकदा, आणि दुसऱ्या माणसाच्या हातून एकदा. त्यापलीकडे स्वतः काही करू नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

कंट्रोल स्ट्रेन दोन वेगवेगळ्या फ्लो सेलवर, दोन वेगळ्या लॉटच्या किटने बिघडला, किंवा तापमानाचा आलेख एसी चालू असतानाही वरखाली होतोय, तर सर्व्हिस इंजिनिअर. मशीन उघडायचं नाही, करारातून बाहेर पडाल.

जीनोटाइप (सिक्वेन्समध्ये दिसलेले जीन्स) आणि सेन्सिटिव्हिटी जुळत नाही आणि आठवा मुद्दा संपला, तर बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या माणसाला रॉ डेटा द्या, आणि पेशंटचा रिपोर्ट सेन्सिटिव्हिटीवरच जाऊ द्या. जीन सापडला नाही म्हणून मेरोपेनेम सुरू करा असं लॅबमधून कोणीही, कधीही, फोनवरसुद्धा सांगायचं नाही. तो निर्णय क्लिनिकल मायक्रोबायोलॉजिस्ट आणि उपचार करणारे डॉक्टर घेतील. आउटब्रेक हा शब्दही इन्फेक्शन कंट्रोल कमिटीने उच्चारायचा, आपण फक्त फरकांचा तक्ता द्यायचा.

आणि ही दोन ठिकाणं अशी की जिथे तपासणी पुढे न्यायचीच नाही, आहे तिथे थांबायचं, कारण या जंतूंची लागण लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच होऊ शकते. टीबीचं कल्चर उघड्या बेंचवर डीएनएसाठी घेऊ नका, ते बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची वरच्या दर्जाची सुरक्षित) सोय असलेल्या रेफरन्स लॅबलाच पाठवा. दुसरं, ब्लड कल्चरमधून हळू वाढणारे, अगदी बारीक ग्रॅम निगेटिव्ह कॉकोबॅसिलाय आले आणि पेशंट गुरंढोरं पाळणारा आहे, तर ब्रुसेला समजून वागा. किंवा डायबेटिक पेशंट, पावसाळा, सुरकुतलेल्या कॉलनी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कोलिस्टिन रेझिस्टंट, तर मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूचा गंभीर आजार) डोक्यात ठेवा, कोकण किनाऱ्याला तर नक्कीच. प्लेटचा वास घेऊ नका, झाकण सेफ्टी कॅबिनेटबाहेर उघडू नका, व्होर्टेक्स करू नका, कोणी कोणी ती प्लेट हाताळली त्यांची नावं लिहून ठेवा आणि आधी आपल्या मॅडमना किंवा सरांना फोन करा. सिक्वेन्सिंग नंतर बघू.

इंजिनिअर असो की बायोइन्फॉर्मॅटिक्सवाला, फोन करायच्या आधी एवढं हाताशी ठेवा, म्हणजे पहिला दिवस प्रश्नोत्तरांत जात नाही: फ्लो सेल चेकचा तारखेचा स्क्रीनशॉट, किट आणि फ्लो सेलचे लॉट नंबर, प्रत्येक नमुन्याचे क्यूबिट आणि दोन्ही रेशो, बारकोडचा तक्ता, रन रिपोर्ट, कंट्रोलचा निकाल, आणि प्लेटचे फोटो. पेशंटची नावं त्यातून काढून टाका, लॅब नंबर पुरे. आयसोलेट मात्र प्रत्येकाच्या दोन वायल उणे ८० ला, पहिल्या सबकल्चरच्या.